बाहेरून लावलेले कुलूप

चांदीचा छल्ला कमरेला होता आणि त्यात एकही किल्ली नव्हती — सारजाबाईंचा डावा हात पुन्हा तिथे गेला, चाचपला, रिकामाच परतला. उजवा हात पट्ट्यात आवळलेला. न्हाणीत पाय घसरून गळ्याजवळचे हाड मोडले होते. आज वेळा अमावस्या, गावच्या बोलीत येळवस. अवघे ढोकी गाव आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीपाशी आंबिल प्यायला गेलेले. आणि ज्या घराच्या कुलपाला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, त्या घरात त्या स्वतः कोंडलेल्या.

हुकूमही त्यांचाच. सून सोनाली उंबऱ्यात घुटमळली होती. “आत्याबाई, एकटं कसं सोडावं तुमाला? म्या थांबते की.”

“येळवसला घरची लक्ष्मी शेतात पायजे. बाहेरून कुलूप घाल आन् जा. म्या काय वासरू हाय व्हय, दावं तोडून पळायला?”

सोनालीने किल्ल्यांचा जुडगा घेतला, कमरेला खोवला... आणि तो तिथे शोभला. तेच सलत होते. संध्याकाळी तो परत मागायचा कसा? मी मागणार — मी? आणि तिने दिलाच नाही तर... किंवा दिला, पण कीव येऊन दिला तर?

काल पट्टा आवळताना नात निकिता, पुण्यातल्या नोकरीसाठी स्पॅनिश शिकणारी, म्हणाली होती, “आज्जी, तुझ्या या हाडाला इंग्रजीत क्लॅव्हिकल म्हणतात. लॅटिनमध्ये क्लाविस म्हणजे किल्ली, आणि हे तिचं पिल्लू, छोटी किल्ली. स्पॅनिशमध्ये किल्लीला म्हणतात ‘यावे’, त्याच क्लाविसचं झालेलं. आणि पोप निवडायला दार लावून बसतात ती कॉन्क्लेव्ह, म्हणजे मुळात किल्लीनं बंद व्हायची खोली.”

“क्लाविसचं ‘यावे’? तिकडच्या सुनांनी पार झिजवली म्हणायची!”

दोघी हसल्या होत्या. आता मात्र श्वासागणिक ते हाड ठणकत होते आणि वाटत होते, जुडगा कमरेला नव्हताच कधी. तो इथे, कातडीखालीच होता, आणि तोच मोडला — छे, असले विचार रिकामटेकड्यांचे!

खिडकीशी शेजारीण कडूबाई, विसरलेली ताकाची कासंडी न्यायला परतलेली. “अगं बया, सारजाक्का! कोंडून गेली का काय सून? थांबा, मळ्यातनं किल्ली आणते.”

“मला कोंडणारं कोण हाय? किल्ली माझ्यापाशीच हाय. तू जा, आंबिल संपंल.”

कडूबाई गेली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला... सारजाबाई उठल्या, दाराशी गेल्या, फळीवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. दिवेलागणीला हे दार उघडेल, समोर सोनाली असेल — ती वेळ लवकर यावी, की येऊच नये? साऱ्या घराचे बरेवाईट ज्यांनी ठरवले, त्यांना एवढे ठरवता येईना.