बोलता येईल इतका वेग

“बाबा, आता जोरात! तीस सेकंद!”

बाबा पळाले. पळाले म्हणजे त्यांच्या मानाने पळाले. सगळा जन्म लिफ्टमनच्या स्टुलावर काढलेला माणूस. जगाला वरखाली नेलं, स्वतः बसल्या जागी राहिले. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा लेकीने त्यांना आपल्या जिममध्ये आणलं. ती तिथे ट्रेनर होती आणि शिस्तीला भलतीच कडक.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, एक तर पाऊण तास एका लयीत चालायचं, नाहीतर वीस मिनिटं आलटून पालटून. तीस सेकंद जोरात, दीड मिनिट हळू.

“मला आपलं सावकाशच बरं,” बाबा म्हणाले. “बोलता तरी येतं.”

“व्यायामाला आलात की गप्पा छाटायला?”

दोन बॅचच्या मध्ये तिच्याकडे अर्धाच तास असायचा. तिने वीस मिनिटं निवडली.

बाबांनी कुरकुर केली नाही. हळू चालायची पाळी आली की धापा टाकत सुरू करायचे, “तुझी आई नि मी... लग्नाआधी... चुकीच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर आला, तर तुझी आई त्याला म्हणते कशी—”

“बाबा, जोरात!”

तीन महिने ती गोष्ट कंडक्टरच्या पुढे सरकली नाही. “उद्या सांगा,” ती म्हणायची. उद्याला काय तोटा!

मग एका सकाळी चहा पिताना बाबांच्या हातून कप निसटला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. यात व्यायामाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पाय सावरले. वाचा गेली, लिहिणंही गेलं.

आता तिने दुपारची बॅच सोडली आहे. रोज पाऊण तास, एका लयीत, बापलेक मैदानाला फेऱ्या घालतात. वेळच वेळ आहे, आणि त्याचंच तिला रडू येतं.

काल न राहवून तिने विचारलं, “बाबा, आई कंडक्टरला काय म्हणाली हो?”

बाबा थांबले. “अं... ब... ब...” कपाळावरची शीर तटतटली. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि हातांनीच सांगायला घेतलं. तिकीट फाडलं, मान उडवली, कुणाला तरी बोट दाखवून दटावलं. आणि एकदम हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तीही हसली, त्यांच्याइतकंच मोठ्याने. बाबांनी ‘कळलं का?’ अशा भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

“कळलं, बाबा,” ती म्हणाली. “सगळं कळलं.”