अकरा सेकंद आणि बायकोचा गाऊन

पैज अशी लागली: विमानाचं इंजिन बंद पडलं की पायलट आधी काय करतो? मी म्हटलं, "दिसेल ते बटण दाबत सुटतो." खालचे शिंपीकाका म्हणाले, "काहीच करत नाही." हरेल त्यानं रविवारी सकाळी बायकोचा गाऊन घालून चारही मजल्यांचा जिना पुसायचा. बायकोला न विचारता गाऊन पणाला लावला, तिथंच मी अर्धा हरलो होतो.

निकाल देणारा आमच्याच इमारतीत राहायचा. वरचा कॅप्टन. पंधरवड्यापूर्वी उडताना त्याचं एक इंजिन गेलं. विमान सुखरूप उतरवलं, तरी चौकशी संपेपर्यंत घरी बसवलेलं. लिफ्ट बंद, म्हणून भाजीची पिशवी घेऊन पायरीवर टेकला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

आम्ही विचारलं. मला वाटलं, शिव्या घालेल.

"काहीच केलं नाही," तो म्हणाला. "अकरा सेकंद."

"बघ रे!" काकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"हात उजवं इंजिन बंद करायला निघाला होता. ओढून मांडीवर ठेवला. को-पायलट पोरीला म्हटलं, आकडे वाच, कुठलं गेलंय सांग. तीही आधी उजवंच म्हणाली. वाचल्यावर कळलं, डावं."

"आणि उजवं बंद केलं असतंस तर?"

"दोन्ही गेली असती." त्यानं भिंतीला डोकं टेकलं. "आता रोज विचारतात, अकरा सेकंद का? घाबरून गोठलात का? खरं सांगू दादा, आता माझीच खात्री राहिली नाही. गोठलो असं ठरलं, तर परत उडायला मिळणार नाही."

"अरे, घाबरलेला माणूस बटणं दाबतो. मला विचार."

हसला नाही. पिशवी उचलून एकेक पायरी चढत गेला.

शनिवारी चौकशीचा निकाल आला: कॅप्टन गोठला नव्हता. विमानातलं रेकॉर्डिंग ऐकलं म्हणे, त्यात त्याचा आवाज होता, शांत: "आकडे वाच."

रविवारी फुलाफुलांच्या गाऊनमध्ये मी जिन्यात. दारादारांत माणसं.

"शिवण उसवली तर बघ!" बायको ओरडली.

"उसवू दे वहिनी, मी आहे ना," काका म्हणाले.

लाजेनं घाईघाईत मी फडकं बादलीत बुडवायला गेलो.

"हात मांडीवर!"

वरून कॅप्टन उतरत होता. युनिफॉर्म कडक, डोळे तसेच थकलेले. मी थांबलो. समोर दोन सारख्या बादल्या. उजवीत बायकोचे पांढरे कपडे भिजत होते.

"डावी," तो जांभई देत म्हणाला आणि कामावर गेला.

ओल्या फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटले. तेवढ्या पायऱ्या मी पुन्हा पुसल्या. तक्रार न करता.