एकट्याचे तीस खेळ

शाळेत खेळाचं सामान म्हणजे एक शिट्टी, दोन जुने टायर आणि हवा न धरणारा एक फुटबॉल. एवढ्या भांडवलावर चौथीपर्यंतच्या पोरांसाठी वर्षभराचा कार्यक्रम आखायचा होता. मोठ्या बाईंनी खेळाच्या सरांना स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारी वही द्या. नाहीतर हा तास गणिताला जाईल आणि तुमची बदली होईल."

सर कामाला लागले. स्वतः करून पाहिल्याशिवाय पोरांच्या गळ्यात काही मारायचं नाही, हा त्यांचा हट्ट. बायको गेल्यापासून स्वयंपाकघर तसंही ओस पडलं होतं. तिथे ते डोक्यावर पुस्तक घेऊन फरशीच्या रेघेवरून चालले, हात न लावता छातीवर वर्तमानपत्र टिकवत धावले, ओट्यापासून दारापर्यंत लंगडी घालून घामाघूम झाले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांना जिन्यात गाठलं.

"काय हो, रोज वरून एवढी धडधड ऐकू येते, एवढी माणसं कोण येतात तुमच्याकडे?"

"येतात, जातात," सर म्हणाले. हे खोटं त्यांना दिवसभर लागून राहिलं.

सोमवारी वही बाईंच्या टेबलावर गेली. तीस खेळ, आणि विकत आणायचं काहीच नाही. बाईंनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

"मेहनत दिसतेय, सर. पण यात कुठलं पोर कुणाशी खेळतंय?"

सरांनी पानं उलटून पाहिली. तिसांपैकी एकाही खेळाला दुसरा भिडू नव्हता. चाळीस पोरांचा वर्ग, आणि जो तो आपला एकटा. घरात जे जमलं तेवढंच वहीत उतरलं होतं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. "उद्या सकाळपर्यंत दहा तरी जोडीचे द्या," त्या म्हणाल्या.

शाळा सुटली. सरांना एक खेळ आठवत होता. पाठीला पाठ लावून खाली बसायचं, कोपरात कोपर अडकवायचं आणि हात न टेकता दोघांनी उठायचं. त्यांनी पटांगणाच्या भिंतीला पाठ लावून पाहिली, पण भिंत कुठली उठायला. वर्गांना कुलपं लावत शिपाईकाका फिरत होते. त्यांना हाक मारायला सरांना फार वेळ लागला.

"काका, जरा बसता का माझ्यासोबत? कामच आहे."

खेळ समजल्यावर काका कुरकुरले, पण बसले. पहिल्यांदा दोघं एका कुशीवर कलंडले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा काका वैतागले.

"सर, तुम्ही अंग चोरताय. भार टाका की माझ्यावर. मी काही पळून जात नाही."

सरांनी भार टाकला. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ माणसाला टेकली होती. ती पाठ घामेजलेली होती, ऊबदार होती आणि श्वासागणिक हलत होती.

"उठायचं का आता?" काकांनी विचारलं.

"थांबा जरा," सर म्हणाले.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी जमिनीवर ठेवला आणि ते तसेच बसून राहिले.