सूनबाईचा रुसलेला पंप

सूनबाई प्रयोगशाळेत तळ्यातले एकपेशीय जीव सांभाळायची. तिच्या सासऱ्यांचा सारा जन्म प्लंबिंगमध्ये गेलेला. एका दुपारी ते तिचा घरी विसरलेला चष्मा द्यायला गेले, तर ती डोक्याला हात लावून बसलेली.

"बाबा, या जीवांच्या अंगात एक पंप असतो. एरवी दर दहा सेकंदांनी तो पाणी बाहेर फेकतो. आज मिनिट झालं तरी ढिम्म! दिवा बदलला, काच बदलली, काही उपयोग नाही."

सासऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "पण आत पाणी येतं कुठून?"

"आत क्षार जास्त, बाहेर गोडं पाणी. त्यामुळे पाणी आपसूक कातडीतून आत झिरपतं. पंप नसता तर बिचारे फुटलेच असते."

"मग पंप ठणठणीत आहे गं, आवकच घटलीये. बाहेरचं पाणी तपास." एवढं बोलून त्यांनी, तिने जीवांच्या बशीत ज्यातून पाणी घातलं होतं त्या बाटलीतला थेंब सरळ जिभेवर ठेवला. सूनबाई किंचाळली.

"खारट!" सासऱ्यांनी निकाल दिला.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "माझं मिठाच्या गुळण्यांचं पाणी कुणी पाहिलं का? अशाच बाटलीत होतं."

सूनबाईने ओशाळून बशीत गोडं पाणी घातलं. हळूहळू पंप पुन्हा जोमात चालू झाला. ती आनंदाने मोजत बसली.

सासऱ्यांचा चेहरा मात्र पडला होता. "साहेब," त्यांनी हळूच विचारलं, "हे पाणी गुळण्यांच्या आधीचं, की नंतरचं?"