बायांचा आजार

माझ्या मुलाचा, संघदीपचा चेहरा फवारणीने भाजला, असं सगळे म्हणत होते. गालांवर लाल चट्टे, तोंडात फोड, अंगात कणकण. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावून घरी पाठवलं. मलाही ते पटलं होतं. ऐन उन्हात पाठीवर पंप घेऊन कपाशीत तोच तर फिरत होता.

पटलं नाही ते त्याच्या मोठ्या बहिणीला. प्रियंकाला चार वर्षांपासून लुपस आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते.

"बाबा, माह्या गालावर असेच चट्टे होते. अन् त्याचे पाय पाहा, सुजून राह्यले."

"म्हणजे मले बायांचा आजार झाला?" संघदीप हसला. "मंग बाजारातून बांगड्याबी आणजो."

लुपसवर मिळेल ते मी वाचलं होतं. पण वाचून काढलेला अंदाज चुकतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

शेवटी प्रियंकाच त्याला म्हणाली, "यवतमाळच्या दवाखान्यात माही तारीख आहे. बाबाइले एकट्यानं झेपत नाही. तू चाल." तारीख नव्हती, हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

दारव्ह्याहून जीपमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला.

दवाखान्यात बाकांवर साऱ्या बायाच होत्या. आतून हाक आली, "संघदीप!"

तो बहिणीकडे वळला. "ताई, माह्या नावाची चिठ्ठी फाडली? काहून?"

"जाय ना भाऊ," शेजारची बाई म्हणाली. "आमी का खातो तुले?"

बायका हसल्या. तो ताडकन उठला, बाहेर निघायला चपलेत पाय घालू लागला. पाय जाईना. मी खाली वाकलो, पाऊल धरलं. माझा अंगठा घोट्याजवळ रुतला. उचलला, तरी खड्डा तसाच राहिला. अंगात पाणी साचलं की असा खड्डा राहतो, हे मी वाचलं होतं.

"चाल आत," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तो आला.

डॉक्टरबाईंनी चट्टे पाहिले, पाय दाबले.

"मॅडम, हा तं बायांले होते ना?" त्याने विचारलं.

"बायांना जास्त होतो, खरं आहे. म्हणूनच पुरुषाला झाला की कोणाला शंका येत नाही, उशीर होतो. आणि पुरुषांत किडनीला धक्का बसायची भीती जास्त. आधी लघवी तपासू. किडनी बिघडली की तिला फेस येतो."

तो बाटली घेऊन परतला. बाटलीच्या तोंडाशी पांढरा फेस साचला होता. आम्ही तिघं पाहत राहिलो. फेस काही विरेना.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुयीबी अशीच होती काय?"

प्रियंकाने बाटली त्याच्या हातातून घेतली.

"नाही रे. माही साफ होती."