पाचव्या मजल्यावरची बजिया

बजियाला छातीशी धरून दोना झुल्मिरा पाच मजले चढत होती, तेव्हा जिन्यात तिला तिघे जण भेटले आणि तिघांनीही एकच प्रश्न विचारला, "हे पिल्लू करणार कुठे?"

पहिल्या दोघांना तिनं हसून वाटेला लावलं. तिसरे होते सेन्योर बाल्तझार, इमारतीच्या समितीचे प्रमुख. कस्टममधून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस काहीतरी लपवून नेतोय ही नजर काही गेली नव्हती.

"दोना झुल्मिरा, या इमारतीला अंगण नाही. लिफ्ट तर माझ्या मुलीच्या लग्नाआधीपासून बंद आहे. मग हे करणार कुठे?"

"तुमच्या दारात नक्की नाही," ती म्हणाली आणि पुढं चढली.

आल्तो माएमधल्या त्या जुन्या इमारतीत ती छत्तीस वर्षं राहत होती. नवरा तिथूनच गेला, मुलगी तिथूनच सासरी गेली. तीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून अख्ख्या मापुतोचं बोलणं इकडून तिकडं जोडून दिलं, आणि त्याची परतफेड म्हणून डावा कान पार गेला, उजवा अर्धा उरला. एप्रिलात मुलगी आर्मिंदा मातोलाहून आली आणि बंद दारावर अर्धा तास धडका देत बसली. आत दोना झुल्मिरा शांतपणे मटार सोलत होती. त्या दिवसापासून आर्मिंदानं एकच धोशा लावला, "ममा, आता पुरे. मातोलाला चल. आमचं घर आहे, अंगण आहे."

त्यावर दोना झुल्मिरानं वाद घातला नाही. ती सरळ शिपामनीनच्या बाजारात गेली, कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या एका बाईकडून दोन महिन्यांची कुत्री घेतली आणि घरी येऊन मुलीला फोन लावला, "मी नवा कान आणलाय. आता दार वाजलं की कळेल."

पिल्लू तळलेल्या रंगाचं, गोल आणि खडबडीत केसांचं होतं. कोपऱ्यावरची बाई पावात घालून देते त्या बजियासारखं. म्हणून नाव बजिया.

पण नव्या कानाला आधी मुतायचं कुठं ते शिकवणं भाग होतं, आणि सगळी इंजेक्शनं होईपर्यंत रस्त्यावर न्यायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी बजियानं चार ठिकाणी केलं, दुसऱ्या दिवशी सहा. सोफ्याच्या पायाशी, पलंगाखाली, चपलेत. बाल्कनी होती, पण केवढी? दोन पावलं लांब, एक पाऊल रुंद, त्यात पाण्याचं पिंप आणि कपड्यांच्या दोऱ्या. दोना झुल्मिरानं तिथं वर्तमानपत्रं अंथरली. बजियानं ती फाडली, तोंडात धरून घरभर नाचवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन लादीवर बसली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "त्यातच नाक घासा तिचं. दोनदा घासलं की जन्मभर विसरणार नाही."

"तुला तसं शिकवलं होतं का रे?" तिनं विचारलं.

तिनं बाजारातलं सगळ्यात उग्र औषध आणून फरशी पुसली. डोळ्यांतून पाणी आलं. आणि बजिया नेमकी त्याच ओल्या जागेवर जाऊन पुन्हा बसली. दोना झुल्मिरा खाली वाकली, फरशीजवळ नाक नेलं आणि तिच्या लक्षात आलं की औषधाचा वास मुताच्या वासाचाच सख्खा भाऊ आहे. पिल्लाला वाटणारच की जागा हीच. बाटली कचऱ्यात गेली आणि त्या दिवसापासून व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसणं सुरू झालं.

तरी जमेना. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर ती बजियाला उचलून बाल्कनीत नेई, तेव्हा काम फत्ते होई. मधल्या वेळात मात्र घात. तो का होतो, ते खालच्या मजल्यावरच्या ओर्लांदानं सांगितलं. ओर्लांदा शाळेत शिकवायची, जीभ धारदार, पण दोना झुल्मिराला मान देऊन तिया, म्हणजे मावशी, म्हणायची.

"तिया, दुपारी तुमचं पिल्लू बाल्कनीच्या दाराशी केवढं कुईकुई करत होतं! मला खालून ऐकू येत होतं. तुम्ही उघडलं का नाही?"

दोना झुल्मिरानं घरात येऊन दार लावून घेतलं. म्हणजे पोर बिचारं रोज सांगत होतं. दाराशी जाऊन, रडून, सांगून थकत होतं आणि मग नाइलाजानं बसत होतं. चूक पिल्लाची नव्हती, कानाची होती. क्षणभर तिला आर्मिंदाचं म्हणणं पटलं आणि ते पटल्याचाच तिला भयंकर राग आला.

तिनं जुनी कापुलाना काढली. कमरेला गुंडाळून गुंडाळून विरलेली, पण काठ अजून दणकट होता. काठाची लांब पट्टी फाडली, एक टोक बजियाच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. "कानानं ऐकू येत नाही ना? कमरेनं ऐकीन."

त्या दिवसापासून दोघी एका दोरीत. ती स्वयंपाकघरात गेली की बजिया मागं. बजिया हुंगत गोल फिरू लागली की पट्टी कमरेला वेढा घालायची, दाराकडं निघाली की हिसका बसायचा. हिसका बसला की हातातलं टाकून उठायचं, भात करपला तरी चालेल. बाल्कनीत नेऊन "चल, कर" एवढंच म्हणायचं, झालं की लगेच सुक्या मासळीचा तुकडा. घरात सांडलंच तर ओरडायचं नाही, निमूट पुसायचं. दहा दिवसांत सहाचे दोनावर आले.

आर्मिंदानं फोनवर ऐकलं आणि ती हसत सुटली. "ममा, तू कुत्री बांधलीस की कुत्रीनं तुला?"

"जिला बांधून न्यायचा तुझा विचार आहे, तिनं स्वतःच बांधून घेतलंय. आता काय करशील?"

आणि मग ओर्लांदाच्या चादरी.

बाल्कनीचं पाणी एका भोकातून बाहेर पडायचं, आणि त्या भोकाच्या बरोबर खाली चौथ्या मजल्यावरच्या दोऱ्या. एका सकाळी ओर्लांदा पांढरी चादर दोन्ही हातांत ताणून दारात उभी राहिली. मधोमध पिवळा डाग, पपईएवढा.

"तिया, हे काय आहे ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

"नको. दे इकडं. मी धुऊन देते."

"धुऊन देता, आणि उद्या परत? मी बाल्तझारांच्या बाजूची नाही, पण माझ्या पोरांनी यावर झोपायचं का?"

ओर्लांदाचं म्हणणं खरं होतं, त्यामुळं दोना झुल्मिराला भांडताही येईना. तिनं चादर धुतली, इस्त्री केली, परत केली. मग डोक्यावर घमेलं घेऊन ती चापाची मिनीबस पकडून कोस्ता दो सोलच्या रस्त्याला गेली. तिथं रोपवाले हिरवळीचे चौकोन कापून विकतात. चापातल्या गर्दीत मांडीवर मातीसकट गवत घेऊन ती परत आली, आणि वाटेत एक जण म्हणाला, "आजी, शेत घरी घेऊन चाललात वाटतं?"

"शेत नाही, संडास," ती म्हणाली. शेजारची बाई जरा सरकून बसली.

जुना पत्र्याचा पसरट टब होता. त्यात तळाला वाळू, वर गवत. भोकात चिंधी कोंबली. गवतावर तिनं बजियाच्या मुताचा एक बोळा पुसला, म्हणजे जागा कळावी. बजियानं हुंगलं, गोल फिरली, आणि बसली. दोना झुल्मिरानं टाळ्या वाजवल्या. रोज सकाळी गवतावर पाणी, दर तीन दिवसांनी वाळू बदलायची, पंधरा दिवसांनी नवा चौकोन. ओर्लांदानं वर येऊन नाक लावून पाहिलं आणि "बरं," एवढंच म्हणाली.

पण बाल्तझारांनी सभा बोलावली. शनिवारी दुपारी, तळमजल्याच्या प्रवेशद्वाराशी, घरोघरच्या खुर्च्या आणून. दोना झुल्मिरा बजियाला घेऊन खाली आली. पट्टी कमरेलाच होती.

"नागरिकहो," बाल्तझार उभे राहिले, बगलेत वही. "श्वास घ्या! घ्या, घ्या. हा वास! दीड महिन्यापूर्वी या इमारतीत कुत्रं नव्हतं. मी कुणाचं नाव घेत नाही."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती उठली आणि दाराजवळच्या भिंतीपाशी गेली.

"वास इथून येतोय ना? या, जवळ या, लाजू नका. ही माझी बजिया. जमिनीपासून वीतभर. शिवाय मादी आहे, बसून करते. आणि ही भिंतीवरची ओल बघा," तिनं तळहात टेकवून दाखवला, "माझ्या कमरेएवढी उंच. समोरच्या बारमधून परतताना इतकं उंच उडवणारं जनावर कोणतं, ते इथल्या पुरुषांनीच सांगावं. मी कुणाचं नाव घेत नाही."

बायका खदखदून हसल्या. शिंपी एकदम छताचा रंग न्याहाळू लागला. बाल्तझारांचे कान तापले. "विषय कुत्र्याचा आहे! नियम म्हणजे नियम. आज एक कुत्रं, उद्या बकरी, परवा..."

कमरेला हिसका बसला. दोना झुल्मिरा लगेच बजियाला उचलून जिन्याकडं वळली.

"कुठं निघालात? माझं बोलणं संपलेलं नाही!"

"तुमचं थांबेल, सेन्योर. हिचं नाही थांबणार."

"सभा सोडून जाणाऱ्याचं मत धरलं जाणार नाही!"

"नका धरू! मी हिला धरलंय तेवढं पुरे."

पाच मजले. दुसऱ्या मजल्यावर गुडघे बोलू लागले, तिसऱ्यावर श्वास. चौथ्यावर बजिया हातात वळवळू लागली. "थांब गं, थांब. इथं केलंस तर मी मेले आणि तूही." एका हातानं किल्ली, दुसऱ्या हातात पिल्लू. दार उघडलं, बाल्कनी गाठली, टबात ठेवलं. बजिया बसली आणि बराच वेळ बसून राहिली. दोना झुल्मिराही तिथंच जमिनीवर बसली, धापा टाकत, एकटीच हसत.

खाली ठराव झाला. संध्याकाळी दाराखालून कागद आला. कुत्रं महिनाअखेरीस हलवावं, खाली पोच म्हणून सही करावी. तिनं सहीच्या जागी ठळक अक्षरांत "नाही" लिहिलं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन बाल्तझारांच्या दाराखालून कागद परत सरकवला. ठरावावर अकरा सह्या होत्या. त्यात ओर्लांदाची नव्हती.

पुढच्या रविवारी आर्मिंदा आली, हातात रिकामी मोठी बॅग. दोना झुल्मिरा नळाखाली तांदूळ धूत होती. कमरेला हिसका बसला, पण या वेळी बाल्कनीकडं नाही, बाहेरच्या दाराकडं. बजिया दारावर पुढचे पाय टेकून भुंकत होती. तिनं दार उघडलं. आर्मिंदा एप्रिलनंतर करून घेतलेली किल्ली एका हातात धरून तशीच उभी.

"तुला कसं कळलं? मी एकदाच वाजवलं."

"सांगितलं ना, नवा कान."

आर्मिंदानं घर पाहिलं, बाल्कनी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "ममा! घरात गवत? अगं, आमच्याकडं केवढं अंगण आहे. तुलाही मोकळं, तिलाही मोकळं. आणि समितीनं तुला हाकललंच आहे, मला कळलंय."

"मला नाही, तिला. आणि हाकलून जाणार कोण आहे?"

"पण हा हट्ट कशासाठी?"

दोना झुल्मिरानं हात पुसले. "अंगणात तू मला खुर्ची टाकून देशील. पाहुणे आले की म्हणशील, ही आमची ममा, जरा मोठ्यानं बोला. दिवसभर ऊन सरकेल तशी मी खुर्ची सरकवीन. तू वाईट नाहीस, पोरी. पण इथं मी जिने चढते, माती वाहते, भांडते. त्या पिल्लाला दोन पावलांच्या बाल्कनीत नीट जगता येतं, हे मी तिला शिकवलंय. आणि मी खोटं शिकवत नाही."

दोघी मताप्पाची पालेभाजी आणि भात जेवल्या. बजियाचं खाऊन झालं, तशी तिनं स्वतःहून बाल्कनीचं दार गाठलं, मागं वळून पट्टी ओढली, गवतावर गेली, बसली आणि मासळी घ्यायला परत आली. आर्मिंदाचा घास हातातच राहिला.

जाताना बॅग रिकामीच गेली. "नाताळात पुन्हा बोलू," आर्मिंदा दारात म्हणाली.

"बोलू की. उत्तर हेच मिळेल."

महिनाअखेरीस बाल्तझार स्वतः पाच मजले चढून आले, घामाघूम होऊन. उंबऱ्यात उभं राहून लांब श्वास घेतला. व्हिनेगर आणि ओल्या गवताशिवाय काही आलं नाही. "मी पुन्हा येईन," ते म्हणाले. पुन्हा आले, तिसऱ्यांदाही आले. तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि खुर्चीवर बसले. चौथ्यांदा आले नाहीत. ठराव वहीत तसाच आहे. तो कुणी खोडला नाही आणि कुणी पाळलाही नाही.

बजियाची सगळी इंजेक्शनं झाली तेव्हा ती चार महिन्यांची होती. आता बाहेर न्यायला हरकत नव्हती. दोना झुल्मिरानं नवी कोरी कापुलाना नेसून तिला खाली रस्त्यावर नेलं. रुंद पदपथ, अकेशियाची झाडं, पडलेली लाल फुलं, शंभर कुत्र्यांचे वास. बजियानं एक तासभर प्रत्येक झाड हुंगलं आणि काही म्हणजे काही केलं नाही. शेवटी तिनंच ओढत ओढत पाच मजले वर नेलं आणि टबात जाऊन बसली.

"अगं मूर्खे, अख्खं शहर होतं तुझ्यासाठी!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोना झुल्मिरानं टबातल्या वापरलेल्या गवताचा ओंजळभर तुकडा मातीसकट पिशवीत भरला, खाली नेला आणि इमारतीसमोरच्या अकेशियाच्या बुंध्याशी ठेवला. बारबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले चौघे माना वळवून बघू लागले. बजियानं गवत हुंगलं, एक फेरी मारली, दुसरी मारली. दोना झुल्मिरा कमरेवर हात ठेवून त्या चौघांकडं तोंड करून उभी राहिली आणि त्यांनी माना फिरवेपर्यंत नजर हटवली नाही. तेवढ्यात मागं बजियाचं झालंही.