कडीवाल्याचा आवाज

धाकटीनं ती कादंबरी लिहिली तेव्हा तिची अशी समजूत होती, की दादाच्या काही लक्षात येणार नाही. दादाला वाचनाचा आधीच कंटाळा. त्याचा चष्मा सापडेपर्यंत सकाळचं वर्तमानपत्र शिळं व्हायचं. त्यात हे पुस्तक बोलणाऱ्या नदीचं, सात वेशींच्या नगराचं आणि हरवलेल्या राजपुत्राचं. कुलपं दुरुस्त करणारा माणूस त्यात स्वतःला शोधायला कशाला जाईल?

पण सातव्या वेशीवर एक पहारेकरी होता. त्याला सगळे कडीवाला म्हणायचे. तो बोलताना अडखळायचा, आणि दादाही लहानपणापासून अडखळायचा. तीनशे पानांच्या गोष्टीत कडीवाला जेमतेम चाळीस पानांत यायचा, पण वाचकांनी राजपुत्राला सोडून त्यालाच डोक्यावर घेतलं. मुलं पत्रं लिहायची ती त्याला. वेशीवर थंडी वाजत असेल म्हणून एका मुलीनं त्याच्यासाठी मफलर विणून पाठवला. धाकटीनं तो दादाला दिला, कुठून आला ते न सांगता. दादानं तो तीन हिवाळे वापरला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. धाकटी आता छप्पन्न वर्षांची होती, तरी घरात आणि गल्लीत ती अजून धाकटीच. खाली दादाचं दुकान, वर दादा-वहिनी, आणि मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची पुस्तकं.

मग कादंबरीवर सिनेमा निघाला. शूटिंग संपलं, आणि कच्चा जोडलेला सिनेमा दाखवायला दिग्दर्शकानं तिला बोलावलं. छोटंसं थिएटर, दहा-बारा माणसं. नदी पडद्यावर आली तेव्हा धाकटी खुर्चीत पुढे सरकली, इतकी ती तिच्या मनातल्यासारखी होती. मग कडीवाला आला. एका नावाजलेल्या विनोदी नटाला ते काम दिलं होतं. "रा-रा-रा-राजकुमार!" म्हणत तो स्टुलावरून कोसळला आणि सगळे खो-खो हसले. पुढे तो जेव्हा जेव्हा तोंड उघडी तेव्हा तेव्हा हशा. आणि राजाचं सैन्य आल्यावर एकट्यानं वेस अडवून धरायचा जो प्रसंग पुस्तकात कडीवाल्याचा होता, तो सरळ राजपुत्राच्या पदरात टाकला होता.

"कसा वाटला, ताई?" दिवे लागल्यावर दिग्दर्शकानं विचारलं.

"नदी छान झालीय," धाकटी म्हणाली आणि पर्स उचलून घरी आली.

जेवताना ती भात नुसता चिवडत राहिली. वहिनी दोनदा "काय झालं गं?" म्हणाल्या. ती "काही नाही" म्हणाली. दादा जेवण उरकून उठला. हात धुऊन आला आणि खुर्चीत बसत म्हणाला, "कडीवाल्याचं काही… वाकडं केलं का त्यांनी?"

धाकटीनं ताट बाजूला सारलं. "तुला माहीत होतं?"

"कुलपात तेल सोडायच्या आधी तो… फुंकर मारतो, असं लिहिलंयस. या गावात दुसरं कोण मारतं?"

"चारदा वाचलंय त्यांनी ते," वहिनी म्हणाल्या. "दुकानात, किल्ल्यांच्या खोक्याखाली ठेवून. तुझ्यासमोर मात्र ताकास तूर लागू देत नाहीत."

मग धाकटीनं सगळं सांगितलं. स्टूल, हशा, राजपुत्र. दादाला बाकीच्यापेक्षा एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. "अडखळतो कसा तो? करून… दाखव."

"दादा, नको रे."

"दाखव गं."

तिनं मान खाली घालून दाखवलं. दादानं तोंड वाकडं केलं, एखाद्यानं नवं कुलूप दगडानं फोडलेलं पाहिल्यासारखं. "चूक आहे. एकेक अक्षर कुटत बसणारे असतात, पण मी… तसा नाही. आणि तू लिहिलेला माणूसही नाही. आम्ही थांबतो."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दिग्दर्शकाला फोन केला. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "ताई, पूर्वार्ध जड आहे हो, कुठंतरी लोकांना हसू द्यायला हवं. परत शूटिंग तर शक्यच नाही. पण आवाज अजून भरायचेत, डबिंगला दोन आठवडे आहेत. तुम्ही नटाशीच बोला. तो तयार असेल तर माझी ना नाही."

नट नुसता तयारच नव्हता, तर तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच दुकानात हजर झाला. गल्लीत एकच गर्दी उसळली. कोणी फोटो काढले, कोणी "पडून दाखवा ना!" म्हणून ओरडलं. वहिनींनी बाहेर येऊन सगळ्यांना पांगवलं आणि दाराची एक फळी लावून घेतली. पडद्यावर धिंगाणा घालणारा हा माणूस प्रत्यक्षात फारच हळू आवाजात बोलायचा.

"मला तुमच्याकडून शिकायचंय," तो दादाला म्हणाला.

"काय? अडखळायला… शिकवू?"

दोघं असे हसले, की आत धाकटीच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं.

दादा हातातलं काम न थांबवता सांगत होता. शब्द अडला की तो जोर लावत नाही. ओठ मिटून घेतो. आणि समोरच्यावरची नजर काढत नाही. "नजर खाली गेली, की लोक… शब्द पुरवायला लागतात."

"मग पुरवू देत नाही तुम्ही?"

"माझं बोलणं आहे. त्यांचा शब्द मी कशाला… घेऊ?"

नट चार दिवस येत राहिला. काही वेळा तर दोघं बोलतही नसत. दादा कानस चालवी आणि नट त्याच्या जबड्याकडे, खांद्याकडे, गिऱ्हाइकाला उत्तर देताना स्थिर राहणाऱ्या डोळ्यांकडे बघत बसे. चौथ्या दिवशी जाताना तो धाकटीला म्हणाला, "ताई, शूटिंगच्या आधी कोणी मला इथं का आणलं नाही?" त्याला आणू शकली असती ती फक्त धाकटीच; पण मग कडीवाला कोण ते दादाला सांगावं लागलं असतं.

डबिंगच्या खोलीत काचेपलीकडे नट उभा होता आणि अलीकडे दिग्दर्शक, ध्वनीचं यंत्र सांभाळणारी मुलगी, दादा आणि धाकटी. अडचण अशी, की पडद्यावरचे ओठ आधीच 'रा-रा-रा' करून बसले होते. मग जिथं जमेल तिथं कडीवाल्याऐवजी त्याचं ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचं ठरलं. पहिलंच वाक्य आलं. नटानं अर्ध्यावर थांबून श्वास धरला. एक सेकंद, दोन, पाच. ध्वनीवाल्या मुलीनं घाबरून बटणं चाचपली; तिला वाटलं यंत्रच बंद पडलं. आणि मग शब्द आला.

"एवढी शांतता? लोक मोबाइल काढतील!" दिग्दर्शक म्हणाला. पण काही वेळानं तोच म्हणाला, "परत लावा बरं ते." तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यानं पुढचं वाक्य लावायची खूण केली.

पाच ठिकाणी शांतता राहिली. दोन ठिकाणी ओठ फारच जवळून दिसत होते, तिथं जुनंच राहिलं. स्टुलावरून पडणंही राहिलं. आणि वेस अडवायचा प्रसंग राजपुत्राकडेच राहिला, त्याला आता कोणाचा इलाज नव्हता.

सिनेमा लागला त्या आठवड्यात तिघं दुपारच्या खेळाला गेली. स्टूल कोसळलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसला. धाकटी खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. मग राजपुत्र कडीवाल्याला विचारतो तो प्रसंग आला: "तू सैन्याला घाबरलायस का?" पडद्यावर राजपुत्राचा चेहरा, आणि कडीवाल्याचा आवाज: "मी…" पुढं काही नाही. थिएटरात कोणीतरी खोकलं. मागच्या रांगेतून एक बाई हळूच, मदत केल्यासारखं म्हणाली, "घाबरलोय."

"…विचार करतोय," कडीवाला म्हणाला.

मागची बाई "अगं बाई!" म्हणाली, आणि आजूबाजूचे हसले. पण हे हसू निराळं होतं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. दादा पडद्याकडे बघत सरळ बसून होता, त्याचे ओठ मिटलेले.

बाहेर ऊन होतं. तिघं सावलीच्या बाजूनं चालायला लागली, दादा मिटलेली छत्री टेकत. धाकटीला राहवेना. "बाकी सगळं ठीक, पण वेशीचा प्रसंग तुझा होता, दादा. तो काढून घेतला त्यांनी, हे काही मला पटत नाही. वाचक मला पत्रांवर पत्रं लिहितील, आणि ते बरोबरच आहे."

"हिरोलाही काहीतरी… काम नको का?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही." दादा थांबला. शब्द अडला होता. धाकटी त्याच्याकडे बघत थांबली. "पुस्तकात त्या वेशीवर कडीवाला… मरतो. इथं राजपुत्र उभा राहिला, म्हणून तो जगला. शेवटी बाकावर बसून शेंगा खाताना दिसला, पाहिलंस ना? मला बरं वाटलं बघ. बावीस वर्षं मी विचार करतोय, हिनं मला… मारलं कशाला?"

वहिनी दुसरीकडे बघू लागल्या.

"तू त्या वर्षी दवाखान्यात होतास," धाकटी म्हणाली. "छातीचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहायची. वाटलं, सगळ्यात वाईट ते लिहून टाकलं, की मग ते घडायचं राहील."

"आणि मी… बरा झालो."

"तू बरा झालास, तोवर पुस्तक छापून झालं होतं."

दादानं मान हलवली. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग पोट धरून, इतका की समोरून येणारी माणसं वळून बघू लागली. "म्हणजे छापखान्यानं… मारलं मला!" तो म्हणाला. वहिनी "पुरे हो, लोक बघतायत" म्हणत स्वतःच हसत होत्या. धाकटीनं डोळे पुसले आणि दादाच्या हातातली छत्री घेऊन ती त्याच्या डोक्यावर उघडली.